टेबलाखालचा सीपीयू आणि हॉलमधलं वायफाय

घरात ब्रॉडबँड आलं की फोन लगेच जोडले जातात, लॅपटॉप जोडला जातो, टीव्हीसुद्धा रिमोटवरून पासवर्ड टाकला की सुरू होतो. मागे राहतो तो डेस्कटॉप. बहुतेक डेस्कटॉपमध्ये वायफायचा रेडिओच नसतो. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली आणि सेकंडहँड बाजारातून मुलांच्या अभ्यासासाठी घरी आलेली यंत्रं तर हमखास तशी. कार्यालयात ती भिंतीतून आलेल्या लॅन केबलवर चालायची, त्यामुळे रेडिओवर खर्च करायची कोणाला गरज पडली नाही.

खालची कृती अशा घरासाठी आहे: सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, दाराच्या चौकटीजवळच्या भोकातून आत आलेली फायबरची वायर, टीव्हीशेजारी राउटर, आणि आतल्या खोलीत टेबलाखाली ढकललेला सीपीयू. यंत्रावर विंडोज १० किंवा ११ आहे असं धरलं आहे.

वायर पोचत असेल तर वायरच घ्या. डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग त्याला बिनतारी करण्याची हौस कशाला? साधी ‘कॅट ५ ई’ जातीची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वेग नेते, आणि आपल्या घरात दहा-पंधरा मीटरच्या वर अंतर क्वचितच असतं. राउटरच्या मागे ‘लॅन’ लिहिलेल्या कोणत्याही भोकात एक टोक, सीपीयूच्या मागे दुसरं, टक् आवाज झाला की काम संपलं. ना पासवर्ड, ना रेंज. केबल घेताना दोन्ही टोकं कारखान्यात बसवलेली तयार पॅच कॉर्ड घ्यावी. जागेवर क्रिम्प करून घेतलेल्या केबलमध्ये आठपैकी एखादी तार नीट बसत नाही, पण नेट चालू राहतं, म्हणून दोष लक्षात येत नाही. १०० एमबीपीएससाठी चारच तारा लागतात. उरलेल्या चारांपैकी एक जरी सुटली तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि ३०० चा प्लॅन घेतलेला माणूस नेटवाल्याशी भांडत बसतो.

वायर पोचत नसेल, मध्ये दोन दारं असतील, किंवा भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल, तर पुढे वाचा.

आधी फोन घेऊन टेबलाखाली जा

काही विकत घेण्याआधी राउटर तपासायचा. राउटरच्या शेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट करा. इथेच वेग प्लॅनपेक्षा फार कमी असेल तर डेस्कटॉपचा विचार बाजूला ठेवून नेटवाल्याला फोन लावा. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही असा त्याचा अर्थ. राउटर बंद-चालू करून तो विझणार नाही. पिवळी बारीक वायर कुठे दुमडली गेली आहे का, कपाटामागे चेपली आहे का, एवढं बघा. तिचं टोकाचं कनेक्टर मात्र उपसू नका आणि फडक्याने पुसू नका. त्याच्या टोकावर धुळीचा कणही अडथळा होतो.

राउटरपाशी सगळं ठीक असेल तर तोच फोन घेऊन टेबलापाशी जा. आता हात खाली नेऊन फोन सीपीयूच्या मागे, भिंतीलगत धरा आणि तिथे टेस्ट करा. डेस्कटॉपचा अँटेना नेमका तिथे असणार आहे. खुर्चीत बसून फोनवर १५० दिसतात आणि टेबलाखाली २० दिसतात, असं सहज घडतं. मधल्या १३० चं नुकसान कोणताही महाग वायफाय डोंगल भरून देत नाही, जागा बदलली तरच ते भरून निघतं.

राउटर कुठे आहे तेही याच फेरीत बघून घ्या. तो बसवणाऱ्याने स्वतःची वायर वाचेल तिथे ठेवलेला असतो. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाला टेकून, फिश टँकच्या शेजारी या जागा वाईट. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. राउटर जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्यावर, शक्यतो आतल्या खोलीच्या दाराच्या सरळ रेषेत आणता आला तर निम्मं काम फुकटात होतं. आरसीसीच्या खांबातून आणि तुळईतून लहरी फार अवघडून जातात, विटांच्या भिंतीतून त्या मानाने बऱ्या. जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरात भिंती इतक्या जाड असतात की दोन खोल्यांपलीकडे वायफायचा आग्रहच धरू नये. तिथे केबल टाकून घ्यावी.

रेडिओ आहे की नाही

सीपीयूच्या पाठीमागे बॅटरीने बघा. आटे असलेले दोन छोटे पितळी खुंट दिसले तर मदरबोर्डवर किंवा कार्डावर वायफाय आहे, फक्त अँटेना नाहीत. सेकंडहँड यंत्रांत हे नेहमीचं. अँटेना वाहतुकीत काढून ठेवतात आणि परत लावायचे राहून जातात. अँटेनाशिवाय वायफाय दिसतं, अगदी जोडलंही जातं, पण पाच-सात फुटांपलीकडे दम तोडतं. आट्यांवर बसणारे अँटेना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात सुटे मिळतात.

खुंट नसतील तर स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि त्यात ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’ पाहा. यादीत ‘वायरलेस’, ‘वायफाय’ किंवा ‘८०२.११’ असा उल्लेख असलेली ओळ असेल तर रेडिओ आहे. नुसतं ‘इथरनेट’ किंवा ‘जीबीई’ असेल तर नाही. यादीतली ‘ब्लूटूथ’ची ओळ या कामाची नाही.

काय घ्यावं

सरळ मार्ग डोंगलचा. यूएसबीत खोचायचा, बाकी काही उघडायचं नाही. पण नखाएवढा, ‘१५०’ किंवा ‘एन १५०’ लिहिलेला सगळ्यात स्वस्त डोंगल घेऊ नये. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतो, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं जेमतेम तीन, १, ६ आणि ११. शहरातल्या इमारतीत शेजाऱ्यांची वीस-पंचवीस वायफायं याच तिघांत दाटीवाटीने बसलेली असतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन आणि बिनतारी माउसही त्याच परिसरात वावरतात. पेटीवरचे १५० हाती येताना पुष्कळदा तीस-चाळीसच उरतात.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा पुष्कळ मोकळा आहे. भारतात २०१८ साली सरकारने त्यातला ६०० मेगाहर्ट्झहून मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला केला. हा पट्टा वेग देतो पण भिंतींपुढे लवकर हार मानतो. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, ‘ड्युअल बँड’ लिहिलेला डोंगल घ्या. ‘एसी ६००’ म्हणजे ६०० चा वेग असं दुकानदार सांगेल. प्रत्यक्षात तो आकडा दोन पट्ट्यांची बेरीज करून जवळच्या शेकड्यावर आणलेला असतो, साधारण १५० आणि ४३३, आणि डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला हा पुरतो. ‘एसी १२००’ म्हणजे ३०० आणि ८६७. हा घेतलात तर तो यूएसबी ३ चा आहे का ते बघा आणि सीपीयूच्या निळ्या पोर्टमध्ये लावा, कारण यूएसबी २ ची कमाल मर्यादाच ४८० आहे. राउटर वायफाय ६ चा असेल तरच ‘एएक्स’ लिहिलेल्या डोंगलवर जास्त पैसे घालवण्यात अर्थ आहे.

बाहेर लोंबणारे अँटेना असलेला डोंगल दिसायला बेंगरूळ असतो, पण तोच घ्यावा.

पीसीआय एक्सप्रेस कार्ड हा पक्का उपाय. ते आत बसतं, यूएसबीसारखं सैल होत नाही, आणि चांगल्या कार्डाबरोबर अँटेना लांब वायरीवर, चुंबकाच्या तळाचे येतात, ते टेबलावर आणून ठेवता येतात. बसवायला स्क्रू ड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं लागतात. यंत्र बंद करा, प्लग भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. बाजूचं झाकण काढा, सगळ्यात आखूड स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढा, कार्ड कडेला धरून सरळ खाली दाबा, स्क्रू लावा. कार्डावर ब्लूटूथ असेल तर सोबत आलेली छोटी वायर मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या नऊ पिनांच्या जागी लावावी लागते. ती विसरली तर वायफाय चालतं, ब्लूटूथ चालत नाही, आणि माणूस कार्ड परत करायला दुकानात जातो.

तिसरा मार्ग जुन्या राउटरचा. तो माळ्यावर पडलेला असेल आणि त्याच्या मेनूत ‘क्लायंट’ किंवा ‘रिपीटर’ असा पर्याय असेल तर तो टेबलावर ठेवा, घरच्या वायफायला जोडा आणि त्याच्या लॅनच्या भोकातून आखूड केबल सीपीयूला द्या. डेस्कटॉपला वाटतं आपण वायरीवरच आहोत. ड्रायव्हरची भानगडच नाही. ज्यांच्या घरी लिनक्स आहे त्यांच्यासाठी हा मार्ग सगळ्यात कमी डोकेदुखीचा.

ड्रायव्हरची गाठ

डोंगल लावला की पुष्कळदा विंडोज त्याला आपणहून ओळखतं. पण ओळखलं नाही तर? ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय येत नाही. पेटीत एक छोटी सीडी असते, आणि सीडी ड्राइव्ह घरात शिल्लक नसतो.

ही गाठ फोनने सुटते. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने सीपीयूला जोडा. फोनचं वायफाय चालू आणि मोबाइल डेटा बंद ठेवा. मग सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट आणि टेदरिंग’ उघडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल लावल्याशिवाय हे बटण दाबता येत नाही. केबल लावूनही दाबता येत नसेल तर ती नुसती चार्जिंगची आहे, डेटा नेणारी दुसरी घ्या. मिनिटाभरात डेस्कटॉपवर नेट येतं, तेही घरच्याच ब्रॉडबँडचं, कारण फोनच इथे वायफाय कार्डाचं काम करतो. आयफोन मात्र अशा वेळी वायफाय पुढे देत नाही, आपला मोबाइल डेटा देतो, तेव्हा तिथे प्लॅनकडे लक्ष असू द्या.

आता डोंगल कंपनीच्या अधिकृत साइटवर जाऊन पेटीवरचा मॉडेल नंबर आणि त्यापुढची आवृत्ती, म्हणजे ‘व्ही २’, ‘व्ही ३’ वगैरे, जुळवून ड्रायव्हर उतरवा. आवृत्ती बदलली की आतली चिप बदललेली असू शकते. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं सांगणाऱ्या साइटांच्या वाटेला जाऊ नका. काही डोंगल लावल्यावर आधी ‘धिस पीसी’मध्ये सीडीसारखे दिसतात. ती बिघाडाची खूण नाही, ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. ती सीडी उघडून ‘सेटअप’ चालवा, मग तो वायफाय म्हणून जागा होईल.

एवढं करताना कोणाच्या लक्षात येईल की टेदरिंगवरच सगळं चाललंय की! एखाद-दुसऱ्या दिवसाच्या अडचणीला ते खरंच पुरेसं आहे.

डोंगल मागे खोचू नका

सीपीयू म्हणजे पत्र्याची पेटी. ती टेबलाखाली, पाठ भिंतीला, आणि डोंगल त्या पाठीत. राउटरकडून आलेल्या लहरींना आधी टेबल, मग पत्रा ओलांडावा लागतो. त्यात निळ्या यूएसबी ३ पोर्टची स्वतःची एक खोड आहे. डेटा वाहत असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत कुजबुज बाहेर पडते. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायफाय मंदावतं किंवा बिनतारी माउस अडखळतो, त्याचं मूळ इथे असतं.

यावर एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्यावी. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलाच्या वर, मॉनिटरच्या बाजूला, राउटर ज्या दिशेला आहे त्या कडेला ठेवा. मॉनिटरच्या मागे नको, पुन्हा पत्रा आडवा येतो. डोंगल यूएसबी ३ चा असेल तर एक्स्टेन्शनही ३ ची हवी. मग सुरुवातीला फोनवर केलेली टेस्ट डेस्कटॉपवर करा आणि डोंगल वीतभर इकडेतिकडे सरकवून बघा. खोलीत लहरी भिंतींवरून परतून एकमेकींवर पडतात, त्यामुळे वीतभराच्या अंतरानेही फरक पडतो. चांगली जागा सापडली की दुहेरी चिकटपट्टीने डोंगल तिथेच डकवा.

जोडणी

घड्याळाशेजारच्या नेटच्या चिन्हावर क्लिक केलं की वायफायची नावं दिसतील. घरच्या राउटरची पुष्कळदा दोन नावं असतात, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ जोडलेलं. हे ५जी मोबाइलमधलं नव्हे, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. आधी ते निवडा. सिग्नल दोन दांड्यांपेक्षा कमी राहिला किंवा सारखा तुटत असेल तर साधं नाव घ्या. ‘नेटवर्क सिक्युरिटी की’ मागितली जाईल, ती म्हणजे तुमचा वायफायचा पासवर्ड. कोणी बदलला नसेल तर राउटरच्या तळाशी स्टिकरवर छापलेला असतो. कोणालाच आठवत नसेल तर आधीच जोडलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या नावावर ‘शेअर’ दाबा, क्यूआर कोडच्या खाली पासवर्ड बहुधा लिहिलेला दिसतो. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी टाका.

विंडोज कदाचित विचारेल, नेटवर्क ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’. घरातला प्रिंटर किंवा फोल्डर दुसऱ्या यंत्राशी वाटून घ्यायचा असेल तरच प्रायव्हेट, एरवी पब्लिकच बरं.

नाव फोनवर दिसतं पण डेस्कटॉपवर दिसतच नाही, असं झालं तर डोंगल नादुरुस्त समजू नका. राउटरने असं चॅनल धरलेलं असतं जे डोंगलला वर्ज्य आहे. अमेरिकेच्या हिशेबाने बनवलेल्या डोंगलना २.४ मधलं १२ आणि १३ दिसत नाही, आणि ५ मधली काही चॅनलं रडारशी वाटून घ्यायची असल्याने पुष्कळ डोंगल ती टाळतात. राउटरच्या मेनूत २.४ साठी १, ६ किंवा ११ आणि ५ साठी ३६ ते ४८ मधलं एक ठरवून द्या. मेनू ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून उघडतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नाहीतर स्टिकर बघा.

तिथे गेलाच आहात तर दोन कामं उरकून घ्या. मेनूत शिरायचा ‘ॲडमिन’चा कारखान्यातला पासवर्ड बदला, आणि सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ आहे याची खात्री करा. ‘डब्ल्यूईपी’ दिसलं तर ते काढाच, ते कुलूप २००१ मध्येच फुटलेलं आहे.

जोडलं, तरी चालत नाही

‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं आलं तर आधी फोनवर नेट चालतंय का बघा. फोनवर चालतंय आणि इथे नाही, तर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. वायफायच्या भागात पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने डेस्कटॉपला पत्ताच दिलेला नाही. नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका, राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरपर्यंत वाट मोकळी आहे, अडचण पुढे आहे.

जुन्या यंत्रांचा एक खास विकार म्हणजे वायफाय पूर्ण, सिग्नल पूर्ण, पण प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवते. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा ‘सीआर २०३२’ हा नाण्याएवढा सेल संपला की यंत्र बंद केल्यावर तारीख मागे, कधी थेट दहा-पंधरा वर्षं मागे जाते. साइटांची सुरक्षा-प्रमाणपत्रं त्या तारखेला अजून जन्मलेलीच नसतात, म्हणून ब्राउझर नकार देतो. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की नेट तुटतं आणि डोंगल उपसून खोचला की येतं, हा वीज वाचवण्याचा उपद्व्याप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या नावावर दोनदा क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढा.

आणि वेग मोजताना एमबी आणि एमबीपीएस वेगळे ठेवा. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर फाइल उतरताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी दिसणार, कारण आठ बिटांचा एक बाइट. दहा-अकरा दिसत असतील तर तुमची जोडणी उत्तम आहे, डोंगल आणखी सरकवू नका.

ज्यांच्याकडे सीपीयूला यूपीएस आहे त्यांनी राउटरचीही सोय बघावी. वीज गेली की यंत्र दिमाखात चालू राहतं आणि नेट जातं. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल तर त्याच्यासाठी डीसीवर चालणारा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. पुष्कळ राउटर १२ व्होल्टचे असतात, सगळे नाहीत. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज मिळाली पाहिजे, नाहीतर वायफायचं नाव दिसत राहील आणि त्याच्यामागे इंटरनेट नसेल.